पेटी आणि तिची वही

इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर महूची जुनी लष्करी छावणी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून ती मराठी माणसास ठाऊक असते. तिची दुसरी एक ओळख मात्र आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानी आली असेल. लष्कराच्या संदेशदलाची शाळा येथे आहे, आणि १५ मे १९४८ रोजी याच शाळेत देशातील हौशी नभोवाणीकारांचा क्लब स्थापन झाला. पुढे त्याचे ठाणे दिल्लीस हलले व १९५४ मध्ये त्यास अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया हे नाव मिळाले.

हे हौशी लोक म्हणजे नुसते गाणी ऐकणारे नव्हेत. सरकारी परवाना काढून ते परस्परांशी बोलतात, आणि त्या काळी बोलण्याचे यंत्र पुष्कळदा स्वतःच्या हातांनी जुळवीत. त्यांना लहरींचे ठरावीक पट्टेच नेमून दिलेले असतात. पट्ट्याबाहेर पाऊल पडले की दुसऱ्याच्या, कदाचित एखाद्या जहाजाच्या वा विमानाच्या, संदेशात व्यत्यय यावयाचा. लहर तर डोळ्यांना दिसत नाही. मग आपण कुंपणाच्या आत आहोत की बाहेर, हे कळावे कसे? त्यासाठी खात्रीचे माप हवे. सिग्नल जनरेटर हे ते माप होय.

यंत्र दिसावयास साधे. आत एक व्हॉल्व्ह, तारेची कॉइल व फिरता कंडेन्सर. डायल फिरविली की कंपनसंख्या बदलते. (जुन्या डायलवर किलोसायकल छापलेले आढळेल, १९६० मध्ये जागतिक परिषदेने हर्ट्झ हे नाव स्वीकारले, माप तेच राहिले.) लहर निर्माण करणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते तिला आवरून धरणे. रेडिओची परीक्षा घ्यावयाची तर त्यास व्होल्टच्या दशलक्षांश भागाइतका क्षीण संदेश देता आला पाहिजे. स्वस्त यंत्रात बटण शून्यावर आणले तरी लहर पेटीच्या फटींतून, विजेच्या तारेतून बाहेर झिरपते, आणि रेडिओ ती ऐकतच राहतो. चांगल्या यंत्राचा पैसा खर्च होतो तो पेटीच्या आत बसविलेल्या दुसऱ्या बंद पेटीवर. इंग्लंडातील मार्कोनी इन्स्ट्रुमेंट्सचा टीएफ १४४ जी हा या जातीचा नामांकित नमुना. ८५ किलोसायकलपासून २५ मेगासायकलपर्यंत त्याची धाव. ज्या मार्कोनींनी १९३१ मध्ये व्हॅटिकन नभोवाणी उभारून दिली, त्यांचेच हे नाव.

घरगुती रेडिओ दुरुस्त करणाऱ्यासही या यंत्राचे फार मोल. बहुतेक व्हॉल्व्हच्या रेडिओंत येणारी प्रत्येक लहर आत बदलून एकाच, बहुधा ४५५ किलोसायकलच्या, लहरीवर आणली जाते. रेडिओ मुका झाला की जाणता कारागीर कर्ण्याकडून एरियलकडे एकेक पायरी मागे जात संदेश सोडतो. जेथे आवाज थांबला तेथे दोष सापडला. ज्याच्यापाशी हे यंत्र नाही असा मनुष्य कानाने अंदाज घेत स्क्रू पिळीत बसतो. त्याने बिघडविलेला रेडिओ पुन्हा सुरात आणणे हे मूळ दुरुस्तीहून जड काम असते.

परंतु मापच खोटे निघाले तर? व्हॉल्व्ह तापतो, कॉइल किंचित फुगते, आणि डायलवरचा आकडा एक व लहर भलतीच असे होते. म्हणून जनरेटरची परीक्षा दुसऱ्या खात्रीच्या लहरीशी ताडून घ्यावी लागते. इंदूरचे आकाशवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. त्याची मध्यम लहर ६४८ किलोहर्ट्झची. रेडिओवर ते केंद्र लावावयाचे व शेजारी जनरेटर त्याच आकड्याकडे हळूहळू न्यावयाचा. दोन लहरींत अंतर असेतो शीळ ऐकू येते. ती उतरत उतरत नाहीशी झाली की दोन्ही जुळल्या. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळविणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याच्या बीसी-२२१ या पेटीने हाच प्रश्न फार सुंदर रीतीने सोडविला. तिच्यात १००० किलोसायकलचा स्फटिक असे, व १२५ किलोसायकलपासून २० मेगासायकलपर्यंतची लहर ती मोजी. पण तिच्या डायलवर कंपनसंख्या नसतातच, नुसते आकडे असतात. अर्थ लागतो तो झाकणात ठेवलेल्या वहीवरून. आणि कोणत्याही दोन पेट्या तंतोतंत सारख्या नसल्यामुळे ही वही प्रत्येक पेटीसाठी स्वतंत्र तयार केलेली असे. दोहोंवर एकच क्रमांक. युद्धानंतर लष्करी मालाच्या विक्रीत या पेट्या देशोदेशींच्या हौशी लोकांच्या हाती आल्या. वही हरवली की पेटी निकामी. दुसरीची वही तिला चालत नाही.

हे सारे आता जुने झाले, असे कोणी म्हणेल. परंतु इंदूरातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे प्रचंड वर्तुळाकार यंत्र आहे. त्याच्या १७२.५ मीटर परिघात विद्युत्कण फिरतात, प्रकाश देता देता शक्ती गमावतात, आणि ५०५.८ मेगाहर्ट्झची लहर त्यांना ती परत देते. एका फेरीत बरोबर २९१ लहरी बसाव्या लागतात. येथेही मुळाशी प्रश्न तोच: नेमकी लहर, आणि ती न ढळणारी.

आम्ही हे लिहीत आहो ते आणखी एका कारणाने. ज्या घरी वडील वा आजोबा रेडिओचे काम करीत, त्या घराच्या माळ्यावर अशी एखादी जड पेटी असावयाची. भंगारवाला ती वजनावर मागतो, आणि कागद तत्पूर्वीच रद्दीत गेलेले असतात. पेटी देण्याआधी तिचा क्रमांक पाहावा, आणि त्याच क्रमांकाची वही वा हाताने लिहिलेला तक्ता ट्रंकेत, पुस्तकांत कोठे आहे का ते शोधावे. जवळच्या तंत्रविद्यालयास वा एखाद्या परवानाधारक हौशी मनुष्यास दोन्ही एकत्रच द्यावीत. आणि एक गोष्ट कृपा करून करू नये: चालते का हे पाहण्यासाठी ती एकदम विजेस जोडू नये. इतक्या वर्षांत आतले कंडेन्सर खराब झालेले असतात. ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि पत्र्यास हात लावणाऱ्यास धक्का बसतो. प्रथम जाणत्याने ती उघडून पाहावी.