पिल्लं मोजून भागणार नाही

‘समुद्री कासवं डायनोसॉरांच्या काळापासून आहेत, एवढ्या-तेवढ्या उन्हानं त्यांचं काय बिघडणार?’ हे सर्रास ऐकू येतं. कासवं जुनी आहेत, हे खरंच. पण पूर्वीच्या बदलांशी जुळवून घ्यायला त्यांना हजारो वर्षं मिळाली, सरकायला मोकळे किनारेही. आज तापमान काही दशकांत चढतं आहे आणि वाळूला लागून धूपप्रतिबंधक बंधारे नि रस्ते उभे आहेत. कासवांनी सरकायचं कुठे?

दुसरा युक्तिवाद अधिक विचारी आहे. कासवाचं लिंग अंडी उबतानाच्या मधल्या काळात वाळू किती तापली यावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास नर-माद्या निम्मेनिम्मे, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. मग माद्या वाढल्या की अंडीही वाढतील, तोटा कसला? एक नर अनेक माद्यांना पुरतो, हे मलाही मान्य. पण ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातली हिरवी कासवं पाहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांमध्ये माद्या सुमारे ८७ टक्के, तर लहान कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त निघाल्या. हिरवं कासव वयात यायला दोन-तीन दशकं सहज लागतात. म्हणजे किनाऱ्यावर माद्यांची गर्दी दिसत राहील आणि नरांचा तुटवडा कळेल तो उपाय हातचा गेल्यावर. शिवाय वाळू फारच तापली तर गर्भ अंड्यातच मरतात. जगली तरी पिल्लं लहान चणीची निघतात.

आपल्याकडे कोकणातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवली. पुढे कोकणात गावोगावी अंडी जपून उबवायच्या हॅचऱ्या झाल्या. हे काम थोर आहे, आणि म्हणूनच त्याचं यश केवळ समुद्रात सोडलेल्या पिल्लांच्या आकड्यावर जोखू नये. त्या पिल्लांत नर किती, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रत्येक हॅचरीत अंड्यांच्या खोलीवर तापमापक हवा, रोजची नोंद हवी. मार्चनंतर तापणाऱ्या घरट्यांवर झापांचा मांडव घालावा. सरसकट नव्हे, वाळू फार थंड राहून नुसते नरच निघाले तर तेही नुकसानच. कोणत्या घरट्यावर सावली धरायची, ते नोंदी सांगतील. तापमापकांचा खर्च आणि नोंदी ठेवणाऱ्या कासवमित्राचं मानधन वन विभागानं येत्या हंगामापासूनच हॅचरीच्या खर्चात धरावं.