तंबाखूचे पान आणि कॅडमियम

पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनियाच्या निकेलयुक्त मातीत एक वृक्ष वाढतो. त्याच्या सालीला खाच पाडली की निळसर हिरवा चीक स्रवतो आणि तो वाळवल्यास वजनाच्या सुमारे २५ टक्क्यांपर्यंत निकेल भरते! मुळांनी शोषलेला धातू अशा वनस्पती सायट्रिक आम्लाशी बांधून पेशींतील रसाच्या पोकळ्यांत साठवतात. त्यामुळे पाने कुरतडणाऱ्या किडी दूर राहत असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे.

तो वृक्ष आपल्या घरात येत नाही. तंबाखू मात्र येते. जमिनीतील कॅडमियम हा धातू ती शोषते आणि त्याचा मोठा वाटा पानांतच ठेवते, म्हणजे नेमका माणूस वापरतो त्या भागात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात तो इतरांच्या साधारण दुप्पट आढळतो. मिश्रीसाठी पान भाजले तरी धातू जळून नाहीसा होत नाही. धुरावाटे तो अधिक शोषला जातो, तोंडावाटे कमी. परंतु एकदा मूत्रपिंडात शिरला की निम्मा होण्यास १० ते ३० वर्षे लागतात. मूत्रपिंडे आणि हाडे, वार्धक्यात आधीच दमलेली ही दोन्ही, त्याची लक्ष्ये.

जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेला भात खाऊन प्रामुख्याने उतारवयीन स्त्रियांची हाडे ठिसूळ झाली. या विकाराचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली तेथील शासनाने त्याला प्रदूषणजन्य रोग मानले. तंबाखूतून इतकी मात्रा मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

शरीरात लोह कमी असेल तर आतडी कॅडमियम अधिक शोषतात. म्हणून रक्तक्षय असलेल्या आणि मिश्री लावणाऱ्या आजींची मला विशेष चिंता वाटते. ‘काही व्यसन?’ असे विचारले की घरची मंडळी ‘छे, छे’ म्हणतात. मिश्री कुणाच्या हिशेबातच नसते. शुश्रूषा करणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. विशेषतः मधुमेह असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल किंवा किरकोळ पडण्यानेही हाड मोडले असेल तर.

सत्तरीत सोडून काय उपयोग, असा प्रश्न येतोच. तंबाखू थांबल्यावर रक्तातील कॅडमियम काही महिन्यांत उतरू लागते. मूत्रपिंडातले सहजी जात नाही. पण भर पडणे थांबते. ‘अंगातले धातू काढून टाकतो’ म्हणून विकली जाणारी चूर्णे मात्र घेऊ नयेत. मूत्रपिंडातील कॅडमियम सुरक्षितपणे बाहेर काढणारे खात्रीचे औषध आजही आमच्याकडे नाही.