फॉन्टवाचून मुकी झालेली पाने

वारज्यासारख्या गावाचे पुण्याचे उपनगर झाले, त्या बदलाचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? मंडळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, पतसंस्थांची पत्रके, लग्नपत्रिका. संगणक आल्यापासून ही सामग्री डीटीपीच्या दुकानांत जुळवली गेली आणि तिथेच ती मुकी होऊ लागली.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथले सुबक खिळे छपाईनंतर पुन्हा खणांत जात, झिजले की वितळवले जात. वाचकाला त्यांची गरजच नव्हती. छापलेले पान स्वयंपूर्ण होते. संगणकातील फाईल तशी नाही.

युनिकोडपूर्व फॉन्टांत रोमन लिपीसाठी आखलेल्या २५६ जागांतच देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धी अक्षरे, काना, वेलांटी, रफार. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘भारत’ संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे असतो. फॉन्ट नसला की पडद्यावर तीच उमटतात. त्यातून श्रीलिपीची मांडणी निराळी, आकृतीची निराळी.

याचा दोष दुकानदारांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण ज्या पेजमेकरवर मराठी छपाईचा संसार चालला, त्याला ती शेवटपर्यंत पेलली नाही. आणि गिऱ्हाइकाला पत्रिका उद्या हवी असते. शंभर वर्षांनंतरचा संशोधक काही दुकानात येऊन बसत नाही.

आजही छापखाना सांगतो, ‘कर्व्ह करून पाठवा.’ छपाईपुरता सल्ला रास्तच आहे, कारण परवान्याचा फॉन्ट परक्याला देता येतोच असे नाही. मात्र कर्व्ह केलेले अक्षर केवळ आकृती उरते. त्यात शोध घेता येत नाही. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ बरी दिसते, पण फॉन्ट जुना असेल तर तिच्यातून उचललेला मजकूर बहुधा पुन्हा रोमनच निघतो. म्हणजे देखणी पीडीएफ जपली की दस्तऐवज जपला, हा समज खोटा आहे.

म्हणून स्मरणिका काढणाऱ्या मंडळाने छपाईच्या पीडीएफसोबत युनिकोडमधील साधा मजकूर मागून घ्यायलाच हवा. ‘मुक्त’सारखे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट आता उपलब्ध आहेत. जुन्या फाईलींसाठी परिवर्तक आहेत. रफार आणि जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात. आणि मूळ फॉन्ट कोणता, हे आधी ठाऊक असावे लागते. ते सांगू शकणारा ऑपरेटर अजून दुकानात आहे, तोवर फाईलच्या नावातच फॉन्टचे नाव लिहून ठेवावे.