कुशीवर झोपणाऱ्यांची बाजू

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ज्याने केली तो बहुधा उताणा झोपणारा असावा! अंथरुणाची लांबी त्याने पाहिली, जाडीचा विचार केलाच नाही. कुशीवर झोपणाऱ्याचे सारे दुखणे मात्र त्या जाडीतच आहे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण दिवसा बांधाची माती वाहतो आणि रात्री शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडतो. उताणे झोपले तर अंगाचे वजन पाठभर विभागते. कुशीवर वळले की तेच वजन खांदा आणि खुबा या दोन हाडांवर येते. मग रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी खांदा चोळत प्रभातफेरीला निघायचे!

यावर उपाय म्हणून कापसाची गादी चांगलीच. पण ती शिबिराला न्यायची कशी? घडी करून पिशवीत मावणारी, फुगवायची गादी सोयीची. मात्र दुकानात ती तळव्याने दाबून पाहू नये, तळवा फसवतो. गुडघा टेकवून पाहावे. तो जमिनीला लागला तर खुबाही लागणार. फुगवल्यावर जाडी निदान चार बोटे, म्हणजे तीन इंच तरी हवी. रुंदीही पाहावी, कारण कुशीवर झोपणारा गुडघे दुमडतो. गादी टम्म फुगवू नये. खांदा थोडा रुतेल इतकी हवा सोडावी. पहाटेच्या गारठ्यात आतली हवा आकसते व गादी सैल पडते, तेव्हा दोन फुंका पुन्हा माराव्या. नुसत्या हवेच्या गादीत थंडी खालून चढते, म्हणून आत फोम किंवा अस्तर असलेली बरी. आणि आपल्याकडे बाभळीच्या काट्यांना तोटा नाही, तेव्हा खाली सतरंजी हवीच. उशीही विसरू नये. खांद्याच्या रुंदीमुळे डोके अधांतरी राहते.

कोणी म्हणेल, "शिबिर म्हणजे काय सहल आहे? थोडे सोसायला शिका." आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. सोसणे शिकायला मला शिबिरात जावे लागले नाही. माझी आई दिवसभर वाकून कापूस वेचते आणि रात्री पातळ गोधडीवर कुशीवर निजते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या कापसाने किती घरच्या गाद्या भरल्या असतील! वेचणारीच्या खुब्याखाली मात्र जमीनच. "गरिबाला कसली आली गादी?" असे ती हसून म्हणते. मला ते हसणे पटत नाही.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते संत गाडगेबाबा स्वतः मिळेल तिथे निजत. पण दुसऱ्यांसाठी त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः सोसणे हे व्रत आहे. दुसऱ्याच्या सोसण्याला संस्कार म्हणणे ही सोय आहे. श्रमसंस्कार कुदळ-फावड्यात असतो, दुखऱ्या खुब्यात नसतो. ज्याची झोप झाली तो दुसऱ्या दिवशी चार घमेली माती जास्तच उचलील.

म्हणून प्राध्यापक मंडळींना विनंती अशी की, महाविद्यालयाने अशा दहा-बारा गाद्या घेऊन भांडारात ठेवाव्यात. पैसेवाल्यांची मुले आपली आणतीलच. या गाद्या ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे अंग दुखते त्यांना आधी द्याव्यात. खरेदीच्या वेळी रंग आणि किंमत तर पाहावीच, पण सोबत कुशीवर झोपणारा एक विद्यार्थी जरूर न्यावा आणि त्याला पाच मिनिटे त्या गादीवर आडवे होऊ द्यावे. पावतीवर सही त्यानंतर करावी.