बेअरिंग बदलावे की यंत्रच बदलावे?

बेळगावात पावसाळा कधी सुरू झाला आणि कधी संपला हे पंचांगापेक्षा दांडीवरचे कपडे अधिक खात्रीने सांगतात. जून लागला की शर्ट दोन-दोन दिवस दमट राहतात आणि वर्गात शेजारच्या बाकावरून येणारा तो कुबट वास कोणत्या घरचा, हे कोणी विचारीत नाही, कारण तो सर्वांच्याच घरचा असतो. अशा गावात कपडे धुण्याचे यंत्र म्हणजे श्रीमंतांचा चोचला, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. धुणे दगडावर आपटून, पिळून, झटकून वाळत घालण्यात घरातील बाईचे रोजचे तास-दीड तास जात. यंत्राने ते तास तिला परत दिले. म्हणूनच यंत्र बंद पडले की ते तास पुन्हा तिच्याच अंगावर येतात. वडिलांच्या किंवा चिरंजीवांच्या अंगावर येत नाहीत, हे आपण सर्वजण जाणतो.

आणि यंत्र बंद पडते ते कशाने? समोरून दार असलेल्या यंत्रांच्या बाबतीत पुष्कळदा उत्तर एकच असते. कानडी मिस्त्री म्हणतो, ‘बेअरिंग होग्यादरी’. मराठी मिस्त्री म्हणतो, ‘बेअरिंग गेलं’. दोन्ही भाषांत ते ‘जाते’च. कुठे जाते, ते मात्र कोणी सांगत नाही. पुढचे वाक्यही दोघांचे एकच: ‘नवं मशीन घ्या की हो, कशाला उगी त्रास!’

या ‘कशाला उगी त्रास’विरुद्ध मला थोडे बोलायचे आहे. दोन बेअरिंगे आणि एक रबरी सील बदलून जे यंत्र पुन्हा पाच-सात वर्षे चालू शकते, ते भंगारात देणे हा तोट्याचा सौदा आहे. आणि बेअरिंग बदलताच येऊ नये अशा रीतीने जो कारखानदार यंत्र जुळवतो, तो आपल्या कारखान्यातली बचत आपल्या घराच्या खर्चात टाकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम यंत्राचे पोट पाहू. कपडे ज्यात फिरतात तो भोकाभोकांचा पोलादी ड्रम, आणि त्याच्या भोवती पाणी धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा टब. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा एक ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. त्यातून निघालेला दांडा टबाच्या पाठीतून आरपार बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला पट्ट्याची पुली बसते. (काही नव्या यंत्रांत पट्टा नसतो, मोटर थेट दांड्यावरच असते.) हा दांडा दोन बेअरिंगांवर तोललेला असतो. आतले मोठे, बाहेरचे जरा लहान. ओले कपडे भरलेला ड्रम केवळ पाठीकडून धरलेला असतो, पुढे आधार काही नाही, आणि पिळण्याच्या वेळी तो मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. तरीही बेअरिंग त्या भाराने सहसा मरत नाही. ते मरते पाण्याने. आतल्या बेअरिंगाच्या पुढे एक ऑइल सील असते. तिची रबरी ओठासारखी कड दांड्याला घासून पाणी अडवते. जड पाण्याचा क्षार, नको तितकी साबणाची पूड आणि वर्षानुवर्षांचे घर्षण यांनी ती कड झिजली की पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन नेते, गोळ्या गंजतात. मग पिळताना विमान उतरल्यासारखा आवाज सुरू होतो. यंत्र बंद असताना ड्रमची पुढची कड हाताने वर-खाली हलवून पाहावी. टबासकट हलली तर ठीक. टब जागीच राहून ड्रम तेवढा खडखडत हलला, तर निदान झाले.

आता हिशेबाचे बोलू, कारण आम्ही वाणिज्य शाखेचे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य 15 वर्षे धरलेले आहे. तीच अनुसूची असेही म्हणते की मालमत्तेच्या एखाद्या भागाची किंमत एकूण किमतीच्या मानाने लक्षणीय असेल आणि त्याचे आयुष्य बाकीच्या भागाहून वेगळे असेल, तर त्याचे आयुष्य स्वतंत्रपणे ठरवावे. नियम शहाणपणाचा आहे. परंतु बेअरिंगाचे गाऱ्हाणे असे की त्याची किंमत मुळीच लक्षणीय नाही. शंभर रुपयांच्या यंत्रात ते दोन-चार रुपयांचेही नसेल. हिशेबाच्या वहीला ते दिसत नाही, आणि सगळ्या यंत्राचे आयुष्य मात्र तेच ठरवते. आमच्या घरचे यंत्र नऊ वर्षांचे झाले तेव्हा सेवा केंद्राच्या माणसाने बेअरिंग मिळणार नाही, बेअरिंगासह संपूर्ण टबच घ्यावा लागेल, असे सांगितले आणि त्याची जी किंमत सांगितली ती नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होती. शिवाय मजुरी वेगळी. वहीला न दिसणारा भाग अशा रीतीने एका क्षणात ‘लक्षणीय’ झाला! त्याच टबातली दोन बेअरिंगे, सील आणि पाणी न धरणारे ग्रीस आम्हांला बाजारात बाराशे रुपयांच्या आत मिळाले.

बाजारात मिळाले, कारण बेअरिंग ही कोणा कंपनीची खासगी वस्तूच नव्हे. तिच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, आणि तो आकडा जगभर एकच अर्थ सांगतो. 6205 म्हणजे आतले भोक 25 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 52, जाडी 15. 6206 म्हणजे 30, 62 आणि 16. या जातीत शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की भोकाचे माप मिळते. (04 पासून पुढे हे जुळते. 03 ला लावाल तर फसाल, त्याचे भोक 17 आहे.) आकड्यापुढे दोन झेड असतील तर बाजूला पत्र्याची झाकणे, ‘टू आर एस’ असेल तर रबराची. धुण्याच्या यंत्राला रबराची बरी. ज्या गावात उद्यमबागेसारखी वसाहत आहे, ओतशाळा आणि यंत्रशाळा आहेत, तेथे बेअरिंगाच्या दुकानात हा आकडा सांगितला की माल समोर येतो. तेथे ‘कोणत्या कंपनीचे यंत्र?’ असे कोणी विचारीत नाही. सावध राहायचे ते नकली मालापासून. खोक्यावर नामांकित छाप आणि किंमत निम्मी, असे असेल तर हात जोडून बाहेर यावे.

काम कठीण आहे का? लांबलचक आहे, हे खरे. सुटीचा अख्खा दिवस आणि दोन माणसे लागतात. आधी वीज आणि नळ तोडून पाणी काढून टाकायचे. मग वरचे झाकण, मागचा पत्रा, पट्टा, पुली, साबणाचा खण, दाराचे रबर, पुढचा पत्रा, मोटर, हीटरच्या तारा असे एकेक सोडवीत जायचे. प्रत्येक टप्प्याला छायाचित्र काढून ठेवावे आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत, कारण तारांची जागा आठवणीत राहील हा भ्रम तासाभरात उतरतो. टबाला बांधलेले काँक्रीटचे ठोकळे पाहून नवखा चकित होतो. ड्रम फिरताना यंत्राने नाचू नये म्हणून दिलेले ते वजन आहे. ते आधी उतरवावे, मगच टब उचलावा. पत्र्याच्या कडा कोयत्यासारख्या असतात, हातमोजे हवेतच.

टब बाहेर आला की त्याच्या कडेचे स्क्रू काढून दोन अर्धे वेगळे करायचे. दांड्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोकले की ड्रम सुटतो. जुनी बेअरिंगे पोलादी सुंभ्याने, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने ठोकत, तिरकी होऊ न देता काढायची. आणि नवी बसवताना ज्यावर सारे काम टिकते तो एकच नियम: ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. आतल्या कड्यावर ठोकले की तो जोर गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात, आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून जुने होते. पुष्कळजण जुन्या बेअरिंगाचेच बाहेरचे कडे ठोकण्यासाठी वापरतात, ती युक्ती चांगली. दांड्यावर सील जेथे घासते ती जागा बोटाने पाहावी. तेथे खोबण लागत असेल तर नवी सीलही थोड्याच दिवसांची सोबती. सांगाड्याचा हात तडकलेला निघाला, तर मात्र एवढ्याने भागणार नाही. सांगाडा वेगळा मिळत नसेल तर तेव्हा नवीन यंत्राचा विचार करण्यात काही कमीपणा नाही.

यावर आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक महाशय म्हणतील, ‘अरे, तुझ्या दिवसाचे मोल धरलेस का? त्या दिवसात अभ्यास केला असतास तर?’ संधी-व्ययाचा हा मुद्दा मला मान्य आहे. पण तो परीक्षेच्या तोंडावर लागू. मे महिन्याच्या सुटीत आमच्यापैकी बहुतेकांच्या दिवसाचे बाजारमोल काय असते, हे प्राध्यापकांनी कृपया विचारू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरोघरी मुलेच दुरुस्ती करू लागली तर मिस्त्रीने काय खावे? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कळवळा आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी आहे. वीस वर्षांच्या मुलाने सुटीत एक बेअरिंग बदलले म्हणून मिस्त्रीचा धंदा बसत नाही. ज्याला पाठदुखी आहे, ज्याला वेळ नाही, ज्याला धीर नाही, अशी गिऱ्हाइके त्याला पुष्कळ. त्याचा धंदा बसतो तो टबाला स्क्रूच नसल्यामुळे. आजच्या अनेक यंत्रांत टबाचे दोन अर्धे कारखान्यातच उष्णतेने किंवा कंपनाने एकजीव केलेले असतात. स्क्रू वाचले, मधले रबर वाचले, मजुरी वाचली, गळतीची भीती गेली. कारखानदाराच्या बाजूने हे सारे खरे आहे. परंतु अशा टबातले बेअरिंग गेले की घरच्या मुलालाही काम नाही आणि मिस्त्रीलाही नाही. करवतीने सांधा कापून, भोके पाडून, सिलिकोन आणि स्क्रूंनी तो पुन्हा जोडणारे बहाद्दर आहेत. त्यांच्या हातांना माझा नमस्कार, पण गरम पाणी आणि वीज एकत्र असलेल्या वस्तूत हे प्रत्येकाने करावे, असे मी म्हणणार नाही.

युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून लागू केलेल्या नियमांत धुण्याच्या यंत्रांचे काही सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीकारांना किमान 10 वर्षे मिळाले पाहिजेत, असे बंधन घातले. त्या यादीत ड्रम, त्याचा सांगाडा आणि त्यांची बेअरिंगे आहेत. ऐकायला छान वाटते. मात्र हे भाग सुटे किंवा एकत्र जोडून, कसेही विकण्याची मुभा त्याच वाक्यात आहे. म्हणजे बेअरिंग मागावे आणि ड्रमसकट घ्यावे! आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत घरगुती टिकाऊ वस्तूही होत्या, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू झाले. सुटे भाग आणि सेवा यांची माहिती एके ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. पण टब स्क्रूने जोडावा की वितळवून, हे पोर्टल ठरवीत नाही. माझ्या मते कायद्याचे खरे काम तेथे आहे: झिजणारा भाग वेगळा काढता आला पाहिजे आणि वेगळा विकत मिळाला पाहिजे, एवढी एक ओळ.

ती ओळ येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती एक प्रश्न उरतो. दुकानात गेल्यावर विक्रेता ‘मोटरला दहा वर्षांची वॉरंटी’ असे मोठ्या अभिमानाने सांगतो. मोटर बिचारी सहसा कोरड्यातच असते, तिला वॉरंटी देणे सोपे. त्याला म्हणावे, बेअरिंगाला किती वर्षांची? आणि टब स्क्रूचा आहे की जोडून टाकलेला? मी चार दुकानांत विचारले. एकालाही सांगता आले नाही. एकाने मात्र आत जाऊन कुठेतरी फोन लावला आणि बराच वेळ कानडीत बोलून परत आला. ‘पहिल्यांदाच कोणी तरी विचारलं,’ म्हणाला, ‘आठ दिवसांनी या.’