लेक लाडकी, पण उत्पन्न किती?

समजा, बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत दुकानात कामाला असलेल्या एकाला पहिली मुलगी झाली. पगार महिना १० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. बायको घरीच असते. सरकारकडून काय मिळेल?

केंद्राची मातृवंदना योजना: उत्पन्न ८ लाखांच्या आत. पास! दोन हप्त्यांत ५,००० रुपये. राज्याची लेक लाडकी: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्न १ लाखाच्या आत. नापास! जन्माच्या ५,००० पासून अठराव्या वर्षीच्या ७५,००० पर्यंत, एकूण १ लाख १ हजार गेले.

हा १ लाख आला कुठून? १९९९ मध्ये तिरंगी रेशनकार्डं आली, तेव्हा केशरीची वरची मर्यादा हीच होती. लेक लाडकी लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून. चोवीस वर्षांनी आकडा तोच! दिवसाला भागून बघा, २७४ रुपये. एवढ्यात तिघांचं घर चालतं?

आपण कोडमध्ये असा आकडा हार्डकोड केला तर रिव्ह्यूत कोणीतरी कान पकडतं. इथे भोगतो कोण? खरा पगार सांगणारा. मग उत्पन्नाच्या दाखल्यावर '९५ हजार' लिहून घ्यायचा मोह होणारच. खरेपणाला दंड लावणारी अट काय कामाची?

केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. तशीच ही मर्यादाही महागाईला जोडा की! तोवर मंडळी, गावी कुणाकडे पहिलं बाळ आलं असेल, तर निदान मातृवंदनेचा फॉर्म भरून द्या.