हाताची चव आणि चमच्याचं माप

हॉटेलसारखी ग्रेव्ही एकदाच करून फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या बाईला आपल्याकडे आळशी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. 'आजकाल काय, सगळं रेडीमेड' एवढंच म्हणतात. हे म्हणणारा माणूस बहुधा जेवायला बसलेला असतो, चुलीपाशी उभा नसतो. मी गेली चार वर्षं रिद्धपूरला माझ्या घरी दर पंधरवड्याला अशी ग्रेव्ही करते. ती का करते आणि कशी करते हे आज जरा सविस्तर लिहिते, कारण हा फक्त सोयीचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही.

आधी तो 'परकेपणाचा' आक्षेप. एका पायावर दहा भाज्या उभ्या करणं ही हॉटेलवाल्यांची युक्ती, घरंदाज स्वयंपाकात असलं काही नसतं, असं सांगितलं जातं. मग आपलं वाटण काय आहे? वऱ्हाडात पाटवडी रस्सा करणाऱ्या कुठल्याही घरात जा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, लसूण यांचा गोळा तयार असतो. आज त्यात पाटवडी पडते, उद्या वांगं, परवा अंडं. आमच्याकडे ईदेच्या आधी कांदा तळून बिरिस्ता डब्यात भरून ठेवतात, तो बिर्याणीला चालतो, कोरम्यालाही चालतो. पाया आधी बांधून ठेवायची अक्कल हॉटेलच्या आधीपासून घरात आहे. फरक इतकाच, की वाटणाला स्वतःचं ठाम मत असतं, ते ज्यात पडेल त्याला आपल्यासारखं करून टाकतं. हॉटेलची ग्रेव्ही मुद्दाम मवाळ ठेवलेली असते. विलायतेत सिल्हेटच्या बंगाली लोकांनी चालवलेल्या करी हाउसांमध्ये तर कांदा चक्क पाण्यात शिजवून, घोटून, पातळ पाया करतात आणि ऑर्डर आली की पाच-सात मिनिटांत त्याची वेगवेगळी सालनं होतात. क्रिस ढिल्लन यांनी 1989 साली 'द करी सीक्रेट' नावाचं पुस्तक लिहून हे गुपित तिथल्या घराघरांत पोचवलं.

दुसरा गैरसमज 'मुघलाई' या पाटीचा. महामार्गावरच्या ढाब्यात जी नारिंगी ग्रेव्ही मुघलाई म्हणून मिळते, तिचा मुघलांशी संबंध नावापुरता. टोमॅटो अमेरिका खंडातला, आपल्या रोजच्या स्वयंपाकात तो रुळला इंग्रजी अमदानीत. वऱ्हाडी माणसाला तर 'मोगलाई' म्हटलं की निजामाचा अंमल आठवायला हवा, 1853 पर्यंत हा मुलूख त्याच्याकडेच होता. माझ्या आजीच्या सालनात टोमॅटो नव्हताच, चिंच होती. तेव्हा 'तुमच्याकडे तर हे सगळं रोजच असेल' असं एखादी शेजारीण म्हणते, तेव्हा मी हसते आणि कृती सांगते.

कृती अशी. एक किलो कांदा मोठा मोठा चिरायचा. कच्चा कांदा मिक्सरमध्ये वाटायचा नाही, त्याला कडवट उग्रपणा येतो आणि तो पुढे कितीही परतलं तरी पुरता जात नाही. दीडशे मिली तेलात कांदा मध्यम आचेवर परतायचा, गुलाबी होऊन पार गळेपर्यंत. घाई करणाऱ्याने इथे घाई करू नये, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मग पन्नास ग्रॅम लसूण, चाळीस ग्रॅम आलं. त्यांचा कच्चा वास गेला की अर्धा किलो पिकलेले टोमॅटो. टोमॅटो आधी टाकला तर त्याच्या आंबटपणाने कांदा मऊ व्हायला वेळ लावतो. भिजवलेले काजू किंवा मगज पन्नास ग्रॅम. सगळं शिजलं की गार करून वाटायचं आणि परत पातेल्यात घालायचं. दुसऱ्या बाजूला दोन चमचे तेलात हळद, तिखट आणि धनेपूड, विस्तव मंद करून. तिखटाचा रंग आणि झणझणीतपणा तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही, पण कोरडं तिखट तेलात क्षणात जळतं, म्हणून लगेच पाण्याचा हबका मारायचा. हे ग्रेव्हीत ओतून, थोडं पाणी घालून, कडेने तेल सुटेपर्यंत शिजवायचं. तेल सुटणं म्हणजे आतलं जादा पाणी उडालं, मसाला शिजला. साधारण दीड किलो ग्रेव्ही होते.

गरम मसाला नाही, कसुरी मेथी नाही, साखर नाही, मलई नाही. यातलं काहीही पायात घालू नका, अगदी मोह झाला तरी. ज्या घरात ग्रेव्हीचे सगळे पदार्थ एकाच चवीचे होतात, तिथे दोष ग्रेव्हीचा नसतो, तिला आधीच नटवून ठेवल्याचा असतो. बघार ज्याचा त्याला वेगळा. पनीरला शेवटी चुरलेली कसुरी मेथी. कोंबडीला अख्खी वेलची आणि दालचिनी तेलात तडतडवून. अंड्याला आमचा वऱ्हाडी काळा मसाला, दगडफुलाचा वास येईल इतका.

आणि यखनी घालू नका. हाडांचं पाणी घातलं की ग्रेव्हीला जोर येतो हे खरं. पण मी रिद्धपूरची आहे. हे गोविंदप्रभूंचं गाव, म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम केलं ते हेच गाव, आणि महानुभाव पंथात मांसाहार वर्ज्य. आमच्या शेजारच्या घरात कधी पाहुणे अचानक आले तर तिथली वहिनी वाटी घेऊन मागच्या दाराने येते आणि माझ्या फ्रीजमधली ग्रेव्ही घेऊन जाते. 'यात काही नाही ना भाभी?' असं पहिल्यांदा तिने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता, मला त्यात काही लागलं नाही. त्या ग्रेव्हीचं पातेलं, चमचा, डबा मी वेगळाच ठेवते, आणि हे तिला ठाऊक आहे. पाया निरामिष ठेवला तर तो दोन्ही घरांत चालतो. चव माझ्या घरात वेगळी होते, तिच्या घरात वेगळी.

आता मिठाचं. खरं तर मला लिहायचंय ते याबद्दलच.

आपल्याकडे मीठ 'अंदाजाने' पडतं आणि त्या अंदाजाला हाताची चव म्हणतात. तिचं केवढं कौतुक होतं! पण ज्या बाईच्या हाताला चव, तिला सुट्टी नाही. ताप आला तरी 'तू फक्त मीठ-मसाला सांग' म्हणून तिला उठवून बसवतात. रमजानमध्ये याचा कस लागतो. बाई रोज्याने असते, चाखता येत नाही, आणि सूर्यास्ताला दस्तरखानावर बसलेले सगळे पहिल्याच घासाला निकाल देतात. हनफी फिक्हच्या पुस्तकांत एक सवलत लिहिलेली आहे. विनाकारण चाखणं मकरूह, पण नवरा तापट असेल आणि मिठावरून चिडेल अशी भीती असेल तर बाईने जिभेच्या टोकाने चाखून थुंकून टाकलं तर हरकत नाही. लहानपणी हे ऐकलं तेव्हा मला ही दयाळू सवलत वाटली होती. आता वाटतं, केवढी घरं असतील ती, की ज्यांच्यासाठी मसला लिहून ठेवावा लागला. आणि त्या नवऱ्याने काय करावं, हे त्याच ओळीत कुणी का लिहिलं नाही?

हॉटेलात हा प्रश्न येत नाही. तिथे आज एक उस्ताद, उद्या दुसरा, पण पळी तीच आणि माप तेच. मी तेवढंच घरात आणलं. रस्साभाजीला शिजून तयार झालेल्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ लागतं. दीड किलो ग्रेव्हीत मी फक्त आठ ग्रॅम घालते, म्हणजे गरजेच्या निम्मंच, कारण ती पुढे आटणार आहे. चार माणसांच्या कोंबडीला तीनशे ग्रॅम ग्रेव्ही, अर्धा किलो कोंबडी आणि पाणी धरून एक किलोचं सालन होतं. त्याला दहा ग्रॅम मीठ हवं. ग्रेव्हीतून दीड आलेलंच आहे, वरून साडेआठ. म्हणजे बारीक मिठाचा छोटा चमचा, सपाट, दीड. छोले मीठ घालून उकडलेले असतील तर त्यातून वजा करा. वजनकाटा नसला तर एकदाच किराणा दुकानात चमचाभर मीठ तोलून घ्या, आयुष्यभराचं काम होतं.

हे सगळं मी कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावलं. गेल्या रमजानमध्ये शाळेतून यायला मला उशीर व्हायचा, तेव्हा आठवड्यातून दोनदा थोरल्याने आणि त्याच्या अब्बांनी सालन केलं. न चाखता. मीठ बरोबर होतं. सासूबाई म्हणाल्या, 'बरोबर आहे, पण तुझ्या हातचं नाही.' त्यांचंही खरंच होतं. मला त्यात तक्रार ऐकू आली नाही, मला दोन संध्याकाळी मिळाल्या.

साठवणुकीचं तेवढं सांगते. ग्रेव्ही पसरट ताटात ओतून लवकर गार करा, खोल पातेल्यात ती तासन्‌तास कोमट राहते आणि तिथेच बिघडते. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं बर्फाच्या कप्प्यात, एका वेळेपुरते तीनशे ग्रॅमचे डबे करून. उन्हाळ्यात लाईट किती तास जाईल याचा आमच्याकडे भरवसा नसतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी अर्धीच करते. एकदा वितळलेली ग्रेव्ही पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी संपवा. अंडी उकडून टाकली तरी संपते.